तिसरं सॉकेट

जत्रेच्या आदल्या दुपारी सुगंधा देवळात आली ती हातात पेचकस, खांद्यावर वायरचं भेंडोळं आणि डोक्यात राग घेऊन. खाडीला ओहोटी लागली होती. चिखलाचा वास वर मंडपापर्यंत येत होता आणि सारं गाव जेवून आडवं झालं होतं.

कोपऱ्यातल्या टेबलावर मिक्सर होता. वाटणाचा नव्हे, आवाजाचा. तिच्या नवऱ्याने, लवूने, तो स्वतः जोडलेला. मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत दहा वर्षं काढून आलेला माणूस. नुसते माइक आणि कर्णे लावून त्याचं समाधान कुठलं व्हायला! त्याने मिक्सरच्या पाठीला लांबच्या बटणांसाठी तीन सॉकेटं बसवली. पहिलं बटण गाभाऱ्यासमोर: पुजाऱ्याने दाबलं की गाऱ्हाण्याचा माइक सुरू. दुसरं पेटीवाल्याच्या पायाशी, त्याच्या माइकसाठी. तिसरं मात्र खाली धक्क्यावर. दशावतारी नाटकाला लोक होड्यांनी येत. कोणी पाण्यात पडलं तर मृदंगापुढे त्याची हाक कोण ऐकणार? म्हणून ते बटण. दाबलं की मंडपाच्या तुळईवरचा लाल दिवा पेटायचा आणि लोकांनी धक्क्याकडे धावायचं.

चाचणीच्या वेळी लवू खाली जाऊन बटण दोनदा दाबायचा. म्हणजे सगळं बरोबर, आता तू ये. मग सुगंधा चहा घेऊन धक्क्यावर जायची.

त्र्याऐंशीच्या जत्रेत तो थोरल्या भावाला, सत्यवानला, मिक्सरवर बसवून धक्क्यावरची वायर बघायला गेला आणि शेवाळावरून घसरला. सकाळी सापडला तेव्हा खांबाला मिठी होती आणि अंगठा बटणावर. सत्यवान म्हणाला, दिवा लागलाच नाही. म्हणजे जोडणीच खोटी, म्हणजे लवू आपल्याच चुकीने मेला. गावाने मान डोलावली. सत्यवानने त्याच दिवशी धक्क्यावरची वायर बटणासकट उपटून टाकली.

तीन वर्षं जत्रेला बाहेरगावचे कर्णे आले. यंदा सुगंधा देवस्थानच्या कमिटीपुढे जाऊन उभी राहिली. पुजारी अप्पांनी अट घातली: चार वाजता सगळ्यांसमोर चाचणी. तिन्ही जोडण्या चालल्या तर काम तिचं, नाहीतर लवूचं यंत्र भंगारात. ती म्हणाली, चालेल.

तिने पहिली पिन बसवली. दुसरी बसवली. तिसरी अजून खांद्यावरच्या भेंडोळ्यातच होती, तेवढ्यात वर टक् झालं.

लाल दिवा पेटला होता.

सुगंधाने वाकून पाहिलं. तिसरं सॉकेट रिकामं. टेबलाखाली लवूने एक चोरखटका बसवला होता, दिवा तात्पुरता बंद ठेवायला. तो लवू आणि तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. तिने खटका पाडला, दिवा विझला. वर केला, पुन्हा पेटला. रिकाम्या सॉकेटाजवळ बोट नेलं तर गार वारा लागला आणि नाकात खाडीचा वास भरला. पळून जावं असंच वाटलं तिला, खोटं कशाला सांगा.

“लवू...?” ती पुटपुटली. “तूच मां रे?”

दिवा जळतच राहिला, दोनदा नाही, एकसारखा. अंगठा काढायला जमत नसलेल्या माणसाने दाबून धरावं तसा. ते तिच्या लक्षात आलं आणि भीती कुठल्या कुठे गेली. तिला रडू आलं आणि मग संताप आला.

“आता नको,” ती दिव्याकडे बघून म्हणाली. “चार वाजता. सगळ्यांसमोर.”

दिवा विझला. तिसरी पिन तिने मुद्दाम जोडलीच नाही, भेंडोळं तसंच बाजूला ठेवलं.

चारला मंडप भरला. सत्यवान पांढऱ्या टोपीत पुढेच बसलेला. अप्पांनी गाभाऱ्यासमोरचं बटण दाबलं आणि गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, जा काय खरा आसात ता आज समोर येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” लोक म्हणाले.

लोक थांबल्यावर कर्ण्यातून आणखी एक आवाज आला. एकटाच, उशिरा, घशात पाणी असलेला. “व्हय... म्हाराजा...”

सगळ्यांनी कर्ण्याकडे पाहिलं. वर दिवा पेटला.

“भावोजी,” सुगंधा म्हणाली, “त्या राती ह्यो दिवो लागलेलो?”

“नाय म्हणान सांगलंय मां!” सत्यवान ताडकन उठला. “वायरच नाय जोडलेली, हो लागता कसो? बंद कर तो!” आणि कोणी काही म्हणायच्या आत तो टेबलाशी पोचला. वाकलासुद्धा नाही. न बघता हात टेबलाखाली घातला आणि खटका पाडला.

पुढचे लोक वाकून टेबलाखाली बघू लागले.

“तुमका ह्यो खटको कसो म्हायत, भावोजी?” सुगंधाने हळूच विचारलं. “लवून तो माका सोडून कोणाक दाखवूक नाय.”

सत्यवानने हात बाहेर काढला. बोटं ओली होती. त्याने वर पाहिलं. खटका पाडलेला होता, आणि दिवा जळतच होता.

“माका वाटला पोरा खेळतत...” तो खालीच बसला. “नाटकात राक्षस येवक लागलेलो, लोक दिव्याकडेच बघत बसतले म्हणान टेबलाखाली हात घातलंय, तर हाताक खटको लागलो... वर करून बघलंय तर दिवो परत लागलो, तीनदा. तीनदा मी पाडलंय... माका काय म्हायत...”

दिवा विझला. अप्पांनी टोपी काढली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, “काम तुझा, सुगंधा. लवूची जोडणी खरी होती.”

चार वर्षं तिला हे एक वाक्य हवं होतं. मिळालं तेव्हा मात्र ती फक्त “व्हय” म्हणाली आणि पेचकस उचलला.

लोक गेले. सत्यवानला दोघांनी धरून नेलं. उन्हं उतरत होती आणि धक्क्यापर्यंत नवी वायर टाकायची बाकी होती. वायर असायलाच हवी होती. उद्या होड्या येणार होत्या. सुगंधाने पिन तिसऱ्या सॉकेटात बसवली, भेंडोळं खांद्यावर घेतलं आणि पायरी उतरली.

मागे टक् झालं. थांबून पुन्हा टक्.

तिने वळून पाहिलं. दोनदा. सगळं बरोबर, आता तू ये.

“येतंय रे,” ती मोठ्याने म्हणाली. “पण च्याय काय मिळाची नाय.” आणि खाडीच्या वाटेला लागली, वायर सोडत.

धक्क्यावरच्या खांबावर काही नव्हतं. बटण अजून बसवायचंच होतं. ते तिच्या कमरेच्या पिशवीत होतं, कागदात गुंडाळलेलं, नवंकोरं. तिने पिशवीत हात घातला. कागद भिजून लगदा झाला होता, आणि बटण आत दाबलेलं होतं.