गाबोळीची चिंबोरी

पटलं तर घ्या, न पटलं तर सोडा. पण हे माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या घरात घडलंय. मागच्या पौषात, वडूजजवळच्या आमच्या वस्तीवर. तेही दिवसाढवळ्या.

माझा हा भाऊ नाथाजी कोकणात एका खाडीवर कामाला होता. तिथल्या बायका कांदळवनाचं एक झाडही न तोडता, जाळीच्या कुंपणात चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, वाढवतात. त्यावर साऱ्या गावाची चूल पेटते. अंड्यांनी, म्हणजे गाबोळीने, भरलेली मादी सापडली तर ती खाडीत परत सोडायची, हा त्यांचा नेम.

इकडे नाथाजीची बायको संयोगिता सात महिन्यांची गरोदर. आठ वर्षांनी दिवस राहिलेले. तिला डोहाळा लागला खेकड्याचा. मग काय, आमच्या नाथाजीला कोण आवरणार! त्याने सगळ्यात जड चिंबोरी पिशवीत घातली.

गाबोळीची.

"सोडलीस ना रे तिला?" तिथलं सगळं बघणाऱ्या बनाबाईने विचारलं.

"व्हय मावशी, सोडली की."

संयोगिताने मिटक्या मारत रस्सा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पोटातलं पोर हालायचं थांबलं...

सहा तास.

मग हाललं.

डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. पण रोज तेच. सहा तास हालचाल, सहा तास काहीच नाही. वेळ तेवढी रोज पाऊण तासाने पुढे सरकायची. आणि घरात ओल्या चिखलाचा वास... आमच्याकडे, जिथे प्यायला टँकर येतो!

घाबरून नाथाजीने बनाबाईला फोन लावला. वेळा सांगितल्या.

तिने त्या वेळा पुन्हा एकदा विचारून घेतल्या.

"ही तर आमच्या खाडीची भरती-ओहोटी. खरं सांग, सोडली होतीस?"

नाथाजी रडायलाच लागला. तसाच खाडीवर गेला, गाबोळीच्या अकरा चिंबोऱ्या हात जोडून पाण्यात सोडल्या आणि परत आला.

अमावास्येला दुपारी पोट गप्प झालं. संध्याकाळी बनाबाईचाच फोन आला.

"भरती लागली रे. हाललं का?"

नाथाजीने पोटावर हात ठेवला...

"न्हाई, मावशी."

साताऱ्याला नेलं. पोर गेलं होतं.

याला आता वर्ष होईल. गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. जेवता जेवता संयोगिता थांबली. माझा हात ओढून तिने आपल्या सपाट पोटावर ठेवला; पुन्हा दिवस काही राहिलेले नव्हते.

"वन्सं, बघा की. हालतंय न्हवं?"

"न्हाई गं," म्हणत मी हात काढून घेतला.

पण हाललं होतं. त्यानंतर त्या घरात जायची माझी हिंमत झालेली नाही.