दोघी मामेबहिणी

टिपणीस खोटं बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला ते येतच नसे. चांद्रसहल केंद्रातला तो यंत्रमानव, उंचीने वर्गातल्या कपाटाएवढा. मुलांची नावं, वजनं, रक्तगट सगळं टिपून ठेवायचा, म्हणून कुणीतरी गमतीने त्याला टिपणीस म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. म्हणूनच तो जेव्हा म्हणाला, "तुम्हा दोघींपैकी एकीने चुकीचं लिहिलं आहे," तेव्हा शलाकाने त्याच्या हातातल्या दोघींच्या अर्जांकडे बघितलं.

"काय चुकीचं?" किमयाने विचारलं. किमया सहसा कशाला घाबरत नसे.

"नातं. शलाका निकम, तू लिहिलं आहेस की किमया तुझी मामेबहीण."

"हो. माझ्या मामाची मुलगी आहे ती."

"आणि किमया मोहिते, तूही लिहिलं आहेस की शलाका तुझी मामेबहीण."

"हो. माझ्या मामाची मुलगी आहे ती."

टिपणीसच्या छातीवरचा निळा दिवा लुकलुकला. "हे शक्य नाही. एक मामेबहीण असेल, तर दुसरी तिची आतेबहीण असते."

"आमच्यात नाही," किमया म्हणाली, जसं काही निकम-मोहित्यांसाठी वेगळं गणित असतं.

शाळकरी मुलांची चंद्रावरची ती पहिलीच सहल. प्रत्येक जिल्ह्यातून थोडी मुलं निवडली होती. शलाका विट्याची, किमया तासगावची. दोघी अकरा वर्षांच्या, आणि दोघींची निवड झाली होती. फक्त एक नियम होता. संधी जास्तीत जास्त घरांना मिळावी म्हणून एका आईचं किंवा एका वडिलांचं एकच मूल घ्यायचं. मामेबहिणींना तो नियम लागू नव्हता. त्यामुळे दोघी निर्धास्तपणे सकाळी नळीत थुंकून मोकळ्या झाल्या होत्या. त्या थुंकीतूनच टिपणीसने त्यांचा डीएनए (पेशीच्या आत गुंडाळलेला, शरीर कसं घडवायचं ते सांगणारा लांबच लांब धागा) वाचला होता.

"धाग्याला मी जास्त मानतो," टिपणीस म्हणाला. "माणसं लिहिताना चुकतात. ऐका. प्रत्येकाला निम्मा धागा आईकडून मिळतो, निम्मा वडिलांकडून. सख्ख्या भावंडांना एकाच आई-वडिलांकडून मिळतो, पण प्रत्येकाला वेगवेगळे तुकडे. म्हणून भाऊ-बहिणीचं साधारण निम्मं जुळतं. एक पिढी खाली उतरलं की जुळणारं आणखी निम्मं होतं. त्या बहिणीचं आणि तिच्या भावाच्या मुलीचं, म्हणजे आत्या-भाचीचं, किती जुळेल?"

"निम्म्याचं निम्मं. पाव," शलाका म्हणाली.

"आणि आत्याच्या मुलीचं त्या भाचीशी?"

"पावाचं निम्मं. आठवा हिस्सा."

"बरोबर. तुमचा आठवा हिस्सा जुळायला हवा होता. तुमचा जुळतो तो पाव."

शलाकाने बोटांवर पुन्हा मोजलं.

"मग पाव कुणाकुणाचा जुळतो?" किमयाने विचारलं.

"आत्या-भाचीचा. आजी-नातीचा. आणि सावत्र बहिणींचा, म्हणजे ज्यांची आई एक पण वडील वेगळे, किंवा वडील एक पण आई वेगळी."

"मग मी हिची आजी असणार."

"तुम्ही दोघी अकरा वर्षांच्या आहात," टिपणीस गंभीरपणे म्हणाला. "आजी आणि आत्या या दोन्ही शक्यता मी वगळल्या आहेत. तुम्ही सावत्र बहिणी आहात. दोघींपैकी एकीलाच जाता येईल. कोण जाणार ते ठरवून सांगा."

एवढं बोलून तो वळला आणि पुढच्या मुलाच्या नळीवर चिठ्ठी चिकटवू लागला.

काचेपलीकडे शलाकाची आई बसली होती. दोघींना तीच घेऊन आली होती, कारण किमयाच्या आईला, म्हणजे शलाकाच्या आत्याला, बेदाण्याच्या शेडमधून हलता येत नव्हतं. आईच्या मांडीवर डब्यांची पिशवी होती. शलाकाने आपल्याकडे बघितलेलं पाहून तिने हाताने खूण केली, भूक लागली का?

शलाकाने मान हलवली. हो की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"सावत्र म्हणजे," ती हळूच म्हणाली, "आपल्यातल्या एकीला देऊन टाकलं असेल."

"कुणी? कुणाला?"

"आमच्या गल्लीतल्या सुमनकाकूंनी नाही का, त्यांचा धाकटा जावेला दिला. तसं. मला आत्याने आईला दिलं असेल. माझे केस बघ ना. सगळे म्हणतात आत्यावर गेलीस."

कालपर्यंत ते कुणी म्हटलं की शलाकाला बरं वाटायचं. आत्याचे कुरळे केस तिला फार आवडत. आज त्याच केसांची भीती वाटू लागली.

"किंवा मला दिलं असेल," किमया म्हणाली. या वेळी तिने गंमत केली नाही. किमया गंमत करायची थांबली की शलाकाला आणखीच भीती वाटायची.

चंद्राचं एक वेळ राहू दे, शलाकाला वाटलं. किमया एकटीच जाऊ दे. पण ती बाहेर बसलेली बाई, जी आपल्यासाठी डब्याच्या झाकणावर नाव घालते, आजारी पडलो की कपाळावर हात ठेवून तशीच झोपून जाते, ती कोण आहे आपली? हे न कळता घरी कसं जायचं? आणि हे तिला विचारायचं तरी कसं?

सकाळी रक्तगटासाठी टोचलेल्या दंडावरचा कापसाचा बोळा तिने उगाच दाबून धरला. मग ती टिपणीसजवळ गेली.

"आमची आई एक आहे, की बाबा?"

"ते मला बघायला सांगितलेलं नाही. सावत्र की नाही, एवढंच."

"पण बघता येतं ना?"

"येतं."

"मग बघ." शलाकाने दोघींच्या नळ्यांकडे बोट दाखवलं.

टिपणीसने नळ्या पुन्हा आत सरकवल्या. "आधी आई. पेशीत तंतुकणिका (पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीकसे भाग) असतात. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, आणि तो फक्त आईकडूनच येतो. आईला तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून. त्यात वडिलांची भेसळ नाही. तुमची आई एक असेल तर तो दोघींचा सारखाच असणार."

निळा दिवा लुकलुकला आणि थांबला.

"वेगळा आहे. तुमची आई एक नाही."

शलाकाने श्वास सोडला. पण लगेच किमया म्हणाली, "म्हणजे बाबा एक?" आणि श्वास पुन्हा अडकला.

"उरतं तेच. तरी बघतो. गुणसूत्रं (डीएनएचा धागा ज्यांत गुंडाळून ठेवलेला असतो त्या गुंडाळ्या) जोडीने असतात. त्यातली एक्स नावाची गुणसूत्रं मुलीकडे दोन असतात. एक आईचं, एक वडिलांचं. आई तिच्याकडच्या दोन एक्समधले तुकडे एकत्र करून एक देते. पण वडिलांकडे एक्स मुळात एकच असतं. मग ते काय करणार?"

"आहे तेच देणार," शलाका म्हणाली.

"अख्खं. प्रत्येक मुलीला तेच. तुमचे वडील एक असतील, तर तुमचं एक एक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळायला हवं."

दिवा पुन्हा लुकलुकला. या वेळी थांबेचना.

"मध्ये मध्ये तुकडे जुळतात," टिपणीस म्हणाला. "अख्खं एकही जुळत नाही. तुमचे वडील एक नाहीत."

"म्हणजे आम्ही सावत्र नाही?"

"आई एक नाही. वडील एक नाहीत. सावत्र नाही. पण पाव जुळतं, म्हणून सावत्र आहात. पण नाही." त्याचे दोन्ही हात अर्धवट वर जाऊन थांबले. "मला हे समजत नाही. कृपया थोडं थांबा."

तर मुलांनो, ज्याला सगळं समजतं तोच गोंधळला की दोन गोष्टी होऊ शकतात. आपणही गोंधळून बसायचं, नाहीतर त्याला काय माहीत नाही ते शोधायचं. शलाका विचार करू लागली.

"टिपणीस, आम्ही सुट्टीत काय करतो माहितेय? मी आजोळी तासगावला जाते. आणि हिचं आजोळ विटा."

"पहिल्या वर्षी मोठ्यांनी नीट ठरवलंच नाही," किमया म्हणाली. "मी हिच्याकडे पोचले, तर ही आमच्याकडे गेलेली."

"तुझ्या आजोळी किमया राहते," टिपणीस सावकाश म्हणाला, "आणि किमयाच्या आजोळी तू राहतेस?"

"हो. माझी आई म्हणजे हिच्या बाबांची बहीण. आणि हिची आई म्हणजे माझ्या बाबांची बहीण. ज्या घरी मुलगी दिली, त्याच घरची मुलगी सून करून आणली. एकाच मांडवात. याला साटंलोटं म्हणतात."

"हे माझ्या तक्त्यात नाही. आणि नोंदीतही दिसत नाही. तुझ्या वंशावळीत (घराण्यातली माणसं पिढ्यांप्रमाणे मांडलेला तक्ता) आईचं नाव मृण्मयी निकम. या बाईचा जन्म कुठेच नोंदलेला नाही. ती एकदम लग्नापासूनच सुरू होते."

"म्हणजे माझी आत्या, हिची आई, जन्मलीच नाही?" किमया खुसखुसली. खूप वेळाने ती हसली होती.

शेवटी आईला आत बोलावलं. आईने दोघींचे चेहरे बघितले आणि आधी पिशवीतून भडंगाचा डबा काढून टेबलावर ठेवला. "रडवलंत का हो पोरींना?"

"आपण जन्मला होतात का, हा प्रश्न आहे," टिपणीस म्हणाला.

सगळं ऐकून आई म्हणाली, "अहो, लग्नात तबकातल्या तांदळांत नवं नाव लिहिलं की कागदोपत्री तेच चालतं. माझं माहेरचं नाव विभा. विभा मोहिते."

शलाका चमकली. तासगावची आजी आणि मामा आईला विभा म्हणत, पण तिला इतकी वर्षं ते लाडाचं नाव वाटत होतं. आईला आपल्याआधीचं एक अख्खं नाव आहे, त्या नावाने ती शाळेत गेली, पडली, भांडली, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"विभा मोहिते," टिपणीस म्हणाला. "सापडल्या. जन्म तासगाव. आणि हे किमयाच्या वडिलांचे आई-वडील. तेच." मग आत्याचं माहेरचं नाव विचारून त्याने तेही शोधलं. तेही जुळलं. "भाऊ-बहीण इकडे, भाऊ-बहीण तिकडे. तरी पाव कसा?"

शलाकाने डबा उघडला. आता तिला घाई झाली होती. "हे बघ. भडंगात चुरमुरे, शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता. समज, हे माझे चार आजी-आजोबा. कुणाचीही मामेबहीण असली, तर दोघींच्या डब्यांत चारांतल्या दोनच गोष्टी सारख्या असतात. मामाकडचे आजी-आजोबा. बाकीचे दोन वेगळ्या घरचे. आमच्या डब्यांत चारही त्याच आहेत."

"प्रमाण तेवढं वेगळं," किमया म्हणाली आणि सगळे शेंगदाणे वेचू लागली.

"म्हणजे बाबांकडून आठवा हिस्सा जुळतो. आणि आईकडूनही आठवा. दोन आठवे हिस्से मिळून..."

"पाव," टिपणीस म्हणाला. निळा दिवा अखेर स्थिर झाला. "तुम्ही एकमेकींच्या मामेबहिणी आहात. आतेबहिणीही आहात. दोघींनी बरोबरच लिहिलं होतं. दोघी जाऊ शकता."

शलाका आईला चिकटून उभी राहिली. "काय गं?" आई म्हणाली. "काही नाही," शलाका म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

टिपणीस पडद्यावर वंशवृक्ष काढत होता. आजवर त्याच्या झाडाच्या फांद्या फक्त फाकत जायच्या. या वेळी दोन फांद्या वर जाऊन पुन्हा त्याच खोडांना मिळाल्या.

"मग हे सगळ्यांच्याच झाडांत असणार," तो म्हणाला. "दोन आई-वडील, चार आजी-आजोबा, आठ पणज्या-पणजोबा. दर पिढीला दुप्पट. तीस पिढ्या मागे गेलं तर एकेकाचे शंभर कोटींहून जास्त पूर्वज होतात. तेव्हा सगळ्या जगात मिळून तेवढी माणसंच नव्हती."

"मग?" किमयाने विचारलं.

"मग तीच माणसं पुन्हा पुन्हा येत असणार. कुठे ना कुठे सगळ्यांच्याच फांद्या जुळत असणार." तो थांबला. "पण एक अडचण आहे. याआधीही मी काही मुलांना सावत्र ठरवून घरी पाठवलं आहे."

शलाकाला काचेपलीकडचं, आई बसली होती ते बाक दिसलं. इथे उभं राहून कुणीतरी तिथे बसलेल्या आपल्या आईकडे असंच बघितलं असेल.

"मग लाव फोन," ती म्हणाली. "जागा आहेत ना अजून?"

"आहेत."

पहिला फोन एका आजींनी उचलला. टिपणीसने विचारलं, "आपल्या सुनेचं माहेरचं नाव काय?"

"कोण बोलतंय?" आजी म्हणाल्या. "पत्रिका बघायला आलात का? आमच्यात कुणी लग्नाचं नाही."

"अरे, असं नाही विचारायचं," शलाका म्हणाली आणि फोनजवळ सरकली. "आजी, मी शलाका, चांद्रसहल केंद्रातून बोलते. तुमच्या घरातलं कुणी इथून परत आलं होतं ना? ते अजून चंद्रावर जायचं म्हणतं का?"

मग आजींनी फोन बाजूला धरून कुणाला तरी मोठ्याने हाक मारली, आणि फरशीवरून धावत येणाऱ्या पावलांचा आवाज जवळ जवळ येत गेला.