फळ्यावरच्या बारा चकत्या

"हातगाडी नाही, पाठुंगळी नाही, आणि दोन काठ्यांना चादर बांधून तर मुळीच नाही," सुतळी म्हणाला. "आईनं तिन्हींना नाही म्हटलंय."

मग राहिलं काय? भिंगरी खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालत होती. गुरुवार उजाडला होता, आणि रविवारी सकाळी सातला सुतळीच्या बाबांचं जहाज सुटणार होतं. बाबा जहाजावर आचारी. एकदा निघाले की दहा महिने त्यांचं तोंड दिसत नसे. दर वेळी सुतळी बंदराच्या दगडी बांधावरून चालत अगदी समुद्रातल्या टोकाला जायचा आणि पिवळा टॉवेल हलवायचा. जहाज जवळून जाताना बाबा कठड्याशी येऊन एप्रन हलवायचे. सुतळी पाच वर्षांचा होता तेव्हापासून हे एकदाही चुकलं नव्हतं. या वेळी मात्र त्याचा डावा पाय मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता. बांधावर गाड्यांना बंदी, आणि फाटकापासून टोक चांगलं एक किलोमीटर.

पाय मोडला तो बेकरीच्या छपरावरून पडून. छपरावर चढला तो चेंडू काढायला. आणि चेंडू मारला होता भिंगरीनं. यावरून सुतळी तिला चकार शब्द बोलला नव्हता. त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

"चाकांची खुर्ची," प्रोफेसर म्हणाला. हा भिंगरीचा आतेभाऊ. वय वर्षं दहा, चष्मा जाड, खिशात कायम वही आणि फूटपट्टी. "आईच्या क्लबकडे बारा आहेत."

"आणि हे तू आत्ता सांगतोयस?"

"तू मघापासून हातगाडी हातगाडी करत होतीस. मध्ये बोलायला जागा होती का?"

भिंगरी सुट्टीत आत्याकडे राहायला आली होती. आत्या त्या भागातल्या सेवा क्लबची सभासद. कुबड्या, वॉकर, रुग्णांचे पलंग, चाकांच्या खुर्च्या असं सगळं क्लब गरजूंना फुकट वापरायला द्यायचा, आणि त्या सामानाची जबाबदारी आत्याकडे होती. क्लबच्या हॉलमध्ये तिनं स्वतः बनवलेला एक फळा होता. प्रत्येक खुर्चीची एक पत्र्याची चकती, तिच्यावर नंबर. खुर्ची बाहेर गेली की चकती फळ्यावरच्या हुकाला, नेणाऱ्याच्या नावाखाली. खुर्ची परत आली की चकती पुन्हा खुर्चीला. आत्याला या फळ्याचा भारी अभिमान. माणूस विसरेल, फळा विसरणार नाही, असं ती चारचौघांत सांगायची.

फळ्यावर बाराच्या बारा चकत्या लटकत होत्या.

बाराही बाहेर आहेत, आत्यानं सांगितलं. निदान महिनाभर तरी एकही परत यायची नाही. त्यातल्या एकाकडून रविवार सकाळपुरती मागून आणू का, असं भिंगरीनं विचारलं. आजारी माणसांना छळायचं नाही, असं आत्या बजावत होती, पण तिचं बजावणं संपायच्या आत भिंगरी पायऱ्या उतरून रस्त्याला लागलीसुद्धा. प्रोफेसर नावांची यादी उतरवून घेऊन मागून धावला.

एक ते सहा नंबरच्या खुर्च्या खरोखरच वापरात होत्या. एका खुर्चीत तर बसलेले गृहस्थ बाजारातून भाजी घेऊन स्वतःच येत होते. त्यांच्याकडून खुर्ची मागायला भिंगरीची जीभ रेटेना. सात नंबर घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांच्या नावावर होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले होते. रोज सकाळी त्यांचा पुतण्या त्यांना उचलून दुकानात आणून बसवायचा आणि संध्याकाळी उचलून घरी न्यायचा.

"कुठली खुर्ची?" डोळ्यावरचं भिंग न काढता त्यांनी विचारलं. "चार महिन्यांपूर्वी निरोप आला, तुमचं नाव लागलंय, निमंत्रण येईल. तेव्हापासून रोज टपाल बघतोय."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. नऊ नंबर निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या नावावर होता. त्यांच्याकडेही खुर्ची नव्हती. आयुष्यभर मी लोकांना एकमेकांशी जोडून दिलं, त्या हसत म्हणाल्या, आणि आता फाटकाबाहेर जायचीही पंचाईत. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर होता. त्यांना तो नुसता ऐकू यायचा, दोन वर्षांत दिसला नव्हता.

संध्याकाळपर्यंत प्रोफेसरच्या वहीत लिहिलेलं होतं: 'सात ते बारा. फळ्यावर बाहेर. घरी नाहीत.'

"कुठंतरी पाणी मुरतंय," भिंगरी म्हणाली. त्या रात्री तिला झोप अशी लागलीच नाही. डोळे मिटले की तिला बांधाचं रिकामं टोक दिसायचं.

शुक्रवारी सकाळी हॉल झाडून देतो म्हणून दोघांनी किल्ली मागितली. या दोघांना आपणहून झाडायची इच्छा झालेली पाहून आत्यानं आधी भिंगरीच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, आणि मग किल्ली दिली.

हॉलमध्ये धूळ भरपूर होती, आणि तिचा उपयोगही झाला. मंचाच्या बाजूला जो उतार होता, त्यावर धुळीत दोन बारीक पट्टे उमटले होते. वरून पुन्हा धूळ बसल्यामुळे ते पुसट झाले होते. प्रोफेसरनं पट्टी लावून मधलं अंतर मोजलं. ते खुर्चीच्या दोन चाकांएवढंच भरलं. पट्टे वर चढून मागच्या पडद्याखाली शिरत होते. भिंगरीनं पडदा ओढला. मागं एक लांबलचक कापडी फलक पसरून ठेवला होता. तिनं तोही ओढला.

सहा कोऱ्या करकरीत खुर्च्या! प्रत्येकीवर प्लास्टिक, प्रत्येकीला लाल फीत, आणि पाय सरळ ठेवायला फळीसुद्धा. शेजारी एक खोका होता.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," प्रोफेसर म्हणाला. मग आवाज खाली आणून, "एकच नेऊ. रविवारी दुपारी परत. कुणाला पत्ता लागणार नाही."

भिंगरीचा हात केव्हाच खुर्चीच्या मुठीवर गेला होता. प्लास्टिकखाली एक चिठ्ठी बांधलेली होती, आणि तिच्यावर घड्याळवाल्या काकांचं नाव होतं. त्यांचं ते रोजचं टपाल तिला आठवलं. तिनं हात काढून घेतला. "नेली तर मग काकांपासून ती लपवणारे आपण आणि तो पडदा सारखेच," ती म्हणाली. हे बोलताना तिला स्वतःचाच राग येत होता.

दोघं थेट आत्यासमोर जाऊन उभे राहिले. आत्या आधी गोरीमोरी झाली, मग चिडली. कार्यक्रम चार महिन्यांपूर्वीच ठरला होता, तिनं सांगितलं. त्या दिवशी सकाळीच तिनं सहा चकत्या हौसेनं फळ्याला लावल्या. मग प्रमुख पाहुण्यांचा फोन आला की जमत नाही. पुढची तारीख ठरली, तीही हुकली. मग तिसरी. क्लबचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, नियमाला पक्के. वस्तू द्यायची ती पाहुण्यांच्या हस्ते, मंचावर, सभासदांसमोर, आणि फोटोसह. लोकांना मानानं मिळावं, एवढाच त्यांचा हेतू. चकत्या मात्र तशाच राहिल्या. आज ना उद्या द्यायच्याच आहेत, मग कशाला काढा, असं आत्याला वाटलं. फळा बघून बाकी सभासदांना वाटलं, खुर्च्या घरोघर पोचल्या, कार्यक्रम तेवढा राहिलाय.

"पण पाहुणे आलेच नाहीत तर?" भिंगरीनं विचारलं.

"पुढच्या महिन्यात येतील. मोठ्यांच्या कामात लुडबुड करू नकोस!"

लुडबुड करायची नाही म्हटल्यावर भिंगरीचे पाय कुठं थांबणार? मंचामागच्या त्या खोक्यात छापील निमंत्रणं होती. तारखेची जागा कोरी, प्रमुख पाहुण्यांची जागाही कोरी. अध्यक्षांचा नियमही हॉलच्या भिंतीवर चौकटीत लावलेला होता. प्रोफेसरनं तो दोनदा वाचला. पाहुणे कोण असावेत, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

सहा निमंत्रणं घेऊन दोघं सुतळीकडे गेले, कारण तिघांत अक्षर चांगलं फक्त त्याचं. भिंगरीनं बेत सांगितला. शनिवारी चारला क्लबची बैठक असते, सगळे सभासद हजर असतात. आणि अध्यक्ष दारात आलेल्या माणसाला परत पाठवणार नाहीत, याची आत्याला खात्री असो नसो, भिंगरीला होती.

सुतळीनं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे सहाच्या सहा जाणार."

"हो," भिंगरी म्हणाली. "आपल्याला एकही उरत नाही."

तो थोडा वेळ दोरीवर वाळत घातलेल्या पिवळ्या टॉवेलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पेन दे. पाहुण्यांच्या जागी काय लिहायचं?"

"लिही, आपण स्वतः."

संध्याकाळपर्यंत भिंगरी आणि प्रोफेसरनं सहाही निमंत्रणं घरोघर पोचवली. शनिवारी दुपारी सुतळीचे बाबा जहाजावर हजर व्हायला गेले. टोकाकडे बघू नका, असं त्यांना सुतळीनं सांगितलंच नाही. चार वाजता भिंगरी हॉलच्या दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभी होती. आत अध्यक्ष बैठक सुरू करत होते. सव्वाचार झाले तरी रस्त्यावर कुणी दिसेना. एवढा खटाटोप पाण्यात गेला, असं तिला वाटलं.

मग कोपऱ्यावरून पुतण्याच्या पाठीवर बसलेले घड्याळवाले काका आले. अंगात कडक इस्त्रीचा सदरा. मागून ऑपरेटर बाईंना दोन शेजारणींनी घरातल्या लाकडी खुर्चीसकट उचलून आणलं होतं. त्यांच्यामागून उरलेले चौघं, कुणी भावाच्या, कुणी लेकाच्या आधारानं. प्रत्येकाच्या हातात निमंत्रण होतं.

"आम्ही पाहुणे," काका अध्यक्षांना म्हणाले. "चार महिने उशीर झाला, पण तो आमच्या बाजूनं नव्हे."

दुसऱ्यांचे दात बिनदिक्कत उपटणाऱ्या अध्यक्षांची स्वतःचीच दातखीळ बसली होती. फळ्याकडे, निमंत्रणाकडे, पुतण्याच्या कपाळावरच्या घामाकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. आत्या उठली. तिचे डोळे भरले होते. फळ्यापाशी जाऊन तिनं सहा चकत्या काढून हातात घेतल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "फळा खोटं बोलला. बोलायला मी लावलं." मग मंचावर जाऊन तिनं पडदा सरकवला.

फिती अध्यक्षांनी स्वतः गुडघ्यावर बसून कापल्या. फोटो काढायचं कुणाला सुचलंच नाही.

ही निमंत्रणं कुणाची करामत, असं त्यांनी शेवटी विचारलं. भिंगरी पुढं झाली. आता बोलणी बसणार म्हणून तिनं मान खाली घातली. "क्लबात एवढी मोठी माणसं," अध्यक्ष हळूच म्हणाले, "आणि घरी जाऊन विचारायचं सुचलं ते तुम्हाला." मग तुम्हाला काय बक्षीस देऊ, असं त्यांनी विचारलं. भिंगरीनं नुसती नकारार्थी मान हलवली. तेव्हा प्रोफेसरनं वही बंद केली आणि सुतळीची, टॉवेलची, जहाजाची सगळी हकिगत एका दमात सांगून टाकली.

घड्याळवाले काका नव्या खुर्चीत बसून चाक पुढं-मागं करून बघत होते. ते थांबले. "रविवारी माझं दुकान बंद असतं," ते प्रोफेसरला म्हणाले. "चार महिने थांबलो, आणखी एक सकाळ काय जड आहे? फक्त एक काम कर. जहाज टोकापाशी आलं की नेमके किती वाजले, आणि बंदराच्या मनोऱ्यावर किती दिसतात, ते मला सांग. बंदराचं घड्याळ मागं पडतंय असा माझा संशय आहे."

रविवारी साडेसहाला बांधावरून दोन खुर्च्या निघाल्या. एकीत सुतळी, त्याचा पाय फळीवर सरळ. दुसरीत ऑपरेटर बाई, त्यांना समुद्र बघायचा होता. ढकलायला भिंगरी आणि आत्या. प्रोफेसर मनगटावर काकांनी दिलेलं घड्याळ बांधून पुढं चालत होता. ऑपरेटर बाई वाटभर समुद्राकडे बघत होत्या.

जहाज धक्क्यावरून हललं. सुतळीनं टॉवेल उंच धरला. कठड्याशी दोनतीन माणसं होती, पण बाबा नव्हते. जहाज जवळ आलं, तरी नव्हते. भिंगरीनं खुर्चीची मूठ घट्ट धरली. बाबांनी पायाचं प्लास्टर पाहिलेलं होतं. आज टोकावर कुणी नसणार, असं धरून ते आत भांड्यांत गुंतले असतील.

"भोंगा वाजवायला कुणाला तरी सांगा ना!" सुतळी रडवेला होऊन ओरडला. तेवढ्यात ऑपरेटर बाईंनी दोन्ही हात तोंडाशी धरले. पस्तीस वर्षं कमावलेला खणखणीत आवाज पाण्यावरून गेला. "हॅलो! आचारीबुवा! तुमच्यासाठी मुलाचा कॉल आहे!"

कठड्याशी उभा असलेला एक खलाशी वळला आणि आत पळाला. मग दारातून बाबा बाहेर आले, हातात झारा तसाच. त्यांनी टोकाकडे पाहिलं, आणि गळ्यातून एप्रन ओढून काढून दोन्ही हातांनी डोक्यावर फिरवायला सुरुवात केली. जहाज ठिपक्याएवढं झालं तरी ते पांढरं फडफडणं थांबलं नव्हतं.

"टोकापाशी आलं तेव्हा सात वाजून चौदा मिनिटं," प्रोफेसर म्हणाला. "बंदराचं घड्याळ दोन मिनिटं मागं आहे."

सुतळीनं टॉवेल गळ्यात टाकला, मागं हात करून भिंगरीचं मनगट धरलं आणि पहिल्यांदाच त्या चेंडूबद्दल बोलला.

"पुढच्या वेळी," तो म्हणाला, "जरा खाली मार."