कोण लागतात ते तुमचे?

बाळांनो, जरा डोळे मिटून बघा. समजा, तुम्ही दमला आहात. खेळून दमतो तसं नाही, त्या दमण्यात मजा असते. दिवसभर पडद्याकडे बघून डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ना, तसं. बाहेर परतीचा पाऊस आहे. चाकणच्या रस्त्यावर ट्रेलर एकामागे एक उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये तुमच्या कंपनीची बस कधीची अडकली आहे. तिकडे आकुर्डीला पाळणाघरात तुमची लेक वाट बघते आहे... दिसलं? मग तुम्हाला उत्कर्षा दिसली.

तिची लेक मुक्ता, वय वर्षं सहा. मुक्ता रांगत होती तेव्हाच तिचे बाबा वारले. आई कामावरून येईपर्यंत ती हल्लीच सुमनताईंच्या पाळणाघरात राहू लागली होती. त्या संध्याकाळी उत्कर्षा भिजत तिथे पोचली, तर दार एका उंच माणसानं उघडलं. त्याच्या खांद्यावर मुक्ता गाढ झोपली होती.

"मी निरंजन, सुमनताईंचा मुलगा," तो हळूच म्हणाला. "जोरात बोलू नका. तीन गोष्टी संपल्या तेव्हा कुठं झोपलीय."

मग त्याची नजर तिच्या हातातल्या फोनवर गेली. कॅमेऱ्यावर लाल गोल कागद चिकटवलेला होता.

"फोनला टिकली लावता?"

"कंपनीच्या गेटवर लावतात," ती म्हणाली. "आत फोटो काढायची मनाई आहे."

"असं काय करता तुम्ही आत?"

"सांगता येत नाही."

तो हसला. "बरं झालं. मी काय करतो, तेही मला सांगता येत नाही."

ती दमलेली होती, तरी तिला हसू आलं.

आता हे दोघं काय करत, ते तुमच्या-माझ्यात राहू द्या. उत्कर्षा कंपनीतल्या एका बंद खोलीत सरहद्दीवर पहारा देणाऱ्या ड्रोनला शिकवायची, की माणूस कोणता आणि झुडूप कोणतं. निरंजन अमेरिकेत अशाच यंत्रांना विचार करायला शिकवायचा. व्हिसाचा नवा शिक्का घ्यायला तो पंधरा दिवसांसाठी म्हणून आला आणि उन्हाळ्यापासून इथंच अडकला. तुमचा विषय नाजूक आहे, तपासणी चालू आहे... वकिलातीकडून दर वेळी तेच उत्तर. इथून कंपनीचं काम उघडायचीही त्याला बंदी होती. का? सोनं पेटीतून नेलं तर पेटी उघडून बघता येते. शिकलेलं मात्र डोक्यात बसून सरहद्द ओलांडतं, ते कसं बघणार? म्हणून हल्ली देश माणसांनाच थांबवून ठेवतात.

तर एकमेकांचं काम कुठल्या जातीचं, एवढा अंदाज दोघांना आला; त्यापुढं बोलायची चोरी. मग उरलं काय? ते बाकीचंच बोलू लागले. कॅन्टीनच्या उसळीत आज मीठ होतं का, मुक्ताचा पुढचा दात पडला तो कुठं ठेवला, सुमनताईंचे गुडघे. उत्कर्षा दारातून परत फिरायची, ती हळूहळू पायरीवर टेकू लागली. तिच्या हातात न विचारता चहा येऊ लागला, कमी साखरेचा. तिनं एकदाही सांगितलं नव्हतं.

"साखर कमी, हे कसं कळलं?"

"पहिल्या दिवशी तुम्ही अर्धा कप ठेवला होता."

"एवढं बघता?"

"दुसरं काम काय आहे मला?" तो म्हणाला आणि पावसाकडे बघत राहिला. तिनंही पावसाकडेच बघितलं. पण कप रिकामा झाला तरी ती उठली नाही.

एकदा मुक्तानं त्याला विचारलं, "काका, तुम्हाला विमानात का बसू देत नाहीत?"

"मी चांगला माणूस आहे का, ते बघतायत."

"अजून कळलं नाही त्यांना? मला तर लगेच कळलं."

 निरंजननं चष्मा काढून बराच वेळ पुसला.

दिवाळीनंतर उत्कर्षाच्या कंपनीत नवा नियम आला. सुरक्षेचं काम नानासाहेबांकडे होतं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, जवळच्याच निघोजे गावचे. त्यांनी एकेकाला बोलावलं.

"मॅडम, परदेशी कंपनीत असलं काम करणारं कुणी वळखीत हाय का? सांगावं लागतंय आता."

"आहे एक जण."

"कोण लागतात ते तुमचे?"

उत्कर्षा टिकली लावलेला फोन हातात फिरवत राहिली.

नानासाहेबांनी पेन खाली ठेवलं. "नुसतीच वळख आसंल तर तोडा, म्हंजे मिटलं. पन कुणी लागत आसतील, तर तुमाला त्या खोलीतून भाईर काढतील, साध्या पार्टांच्या लाईनीला. पोरी, तू ती खोली उभी केलीस. मला बी बरं वाटायचं न्हाई. सकाळी सांग."

संध्याकाळी अवकाळी पाऊस आला, आणि ती भिजतच येऊन पायरीवर बसली. आज निरंजननं चहा आणला नव्हता.

"व्हिसा आला," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बोलावलंय."

"अभिनंदन," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. मग तिनं नानासाहेबांचं सगळं सांगितलं.

तो तिच्याशेजारी पायरीवर टेकला. "कुणी लागत नाही म्हणून सांगा. मी तर चाललोच आहे. खोली तुमची राहील."

"शहाणपणाचं आहे."

"हो."

"निरंजन, मी खूप दमलेय हो. शहाणपणानं वागून वागून दमलेय." तिनं ओला पदर पिळला. "माझ्यामागं ती खोली चालेल. शिकवून ठेवलंय तिला. सकाळी सांगणार आहे मी... लागतात म्हणून."

"कोण लागतो, विचारतील."

"ते तरी तुम्ही सांगा. सगळं मी एकटीनंच किती दिवस ठरवायचं?"

पन्हाळीतून पाणी पडत होतं. निरंजननं घसा खाकरला.

"होणारा नवरा म्हणा... चालेल?"

"चालेल का, ते नानासाहेबांना विचारून सांगते," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

"जावं तर लागेल मला. हातातलं काम अर्ध्यावर टाकता येणार नाही. वर्ष लागेल, कदाचित जास्त. तिथून निघणंही माझ्या हातात नसतं."

"जा ना. जाणाऱ्याशी नातं ठेवू नये, असा कायदा अजून तरी कुठल्या देशानं केला नाही."

त्यानं तिचा हात हातात घेतला. दोघांचेही हात गार होते. 

शेवटी उत्कर्षा उठली. "चल गं मुक्ता, उशीर झाला."

मुक्ता दाराआड उभी राहून ऐकत होती. तिला व्हिसा कळला नाही, नियम कळला नाही. ती आली, वाकली, आईच्या ओल्या चपला दोन्ही हातांनी उचलल्या, आत नेऊन सुमनताईंच्या पलंगाखाली पार भिंतीपर्यंत सरकवल्या, आणि ताटं मांडायला बसली. चार.