रुद्राणीची संमती

मार्गशीर्षातील एका रविवारी, सकाळी अकराच्या सुमारास, नांदेड शहरातील एका महाविद्यालयाच्या सभागृहात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा भरली होती. विषय होता, ‘केंद्र प्रबळ असावे की राज्ये?’ परीक्षक दोघे: लातूरला राज्यशास्त्र शिकवणारा मृत्युंजय आणि नांदेडच्या न्यायालयात वकिली करणारी रुद्राणी. त्या दिवसापर्यंत दोघांनी एकमेकांना पाहिलेही नव्हते. आणि पहिल्या बक्षिसावरून त्यांचे तत्काळ बिनसले.

“त्या मुलानं राज्यांना केंद्राच्या शाखा म्हटलं, सर. अन् तुम्ही त्यालाच पहिला नंबर देऊन राहिलात?”

“मांडणी नेटकी होती, मॅडम.”

“नेटकं खोटं बोलणाऱ्याची आम्ही उलटतपासणी घेतो.”

“मग घ्या ना... मी कुठं पळून चाललो?”

बशीत चहा ओतता ओतता ती थबकली, आणि हसू लपवण्यासाठी तिने निकालपत्रकच तोंडापुढे धरले. बक्षीस विभागून देण्यात आले.

त्यानंतर मृत्युंजयला नांदेडात वारंवार कामे निघू लागली. गोदावरीच्या घाटावर बसून ती दोघे करांच्या वाटणीवरून भांडत, राज्यपालांच्या अधिकारांवरून भांडत; आणि लातूरची एसटी सुटण्याची वेळ झाली की दोघांचेही मुद्दे एकाएकी संपत.

“आपल्यात केंद्र कोण?” एकदा त्याने विचारले.

“केंद्र नकोच,” ती पाण्याकडे पाहत म्हणाली. “दोन राज्यं... अन् मधी करार.”

आजवर ऐकलेल्या वाक्यांत त्याला ते सर्वांत सुंदर वाटले. नीट ऐकले मात्र नव्हते.

दोन्ही घरे लिंगायत. विरोधाला जागाच नव्हती. साखरपुडा लातूरला ठरला. लग्नात नवरीचे नाव बदलण्याची रीत मृत्युंजयच्या घरी होती, आणि आई नागम्मांच्या मनात ‘अंबिका’ भरले होते. त्याने फोनवर रुद्राणीचे मत विचारले. “मला माझंच बरं आहे,” ती म्हणाली. आईचे मन कशाला मोडा, नंतर पाहू, असे म्हणून त्याने ते उत्तर स्वतःपाशीच ठेवले.

साखरपुड्याच्या दिवशी मंगल कार्यालयाच्या दारावर भलामोठा फ्लेक्स झळकत होता: ‘मृत्युंजय आणि अंबिका’. रुद्राणी पायरीवरच थांबली.

“ही अंबिका कोण?”

“अगं... मी तुझं मत विचारलं होतं ना?”

“विचारलंस. मी नको म्हणाले.” तिचा आवाज मुळीच चढला नाही. “राज्याचं नाव बदलायचं असलं, तर त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, पण ते संसदेनं मानलंच पाहिजे असं न्हाई. हे तूच शिकवतोस ना पोरांना?”

“हो. अनुच्छेद तीन.”

“मी राज्य न्हाई, मृत्युंजय. माझ्या नावाला माझी संमती लागते. ती तुला नको असली, तर मी इथूनच नांदेडला परत जाते.”

त्याच्यापाशी प्रतिवाद तयार होते: छापणाऱ्याची घाई, आईची हौस, घराण्याची रीत. त्यांतील एकही त्याने उच्चारला नाही. वर्षानुवर्षे तो अनुच्छेद तो फळ्यावर लिहीत आला होता. ज्याचे नाव बदलले जाते, त्याचा चेहरा मात्र आज प्रथमच पाहत होता.

तो तडक आईकडे गेला.

“अव्वा, रुद्राणीनं नाव बदलायला नको म्हटलं होतं. मी तुला सांगितलंच न्हाई.”

नागम्मा पाहुण्यांना कुंकू लावीत होत्या. करंडा तसाच हातात घेऊन त्या दारापर्यंत आल्या.

“मला काय ठाव, पोरी? ह्यो काही बोललाच न्हाई!” मग मुलाकडे वळून, “एवढी बुकं वाचलास, अन् आईपुढं एक वाक्य फुटलं न्हाई व्हय रं? उतरव ते. सोताच्या हातानं.”

सारे पाहुणे बघत असताना मृत्युंजय नव्या कोऱ्या सदऱ्यानिशी शिडीवर चढला. दोरीच्या गाठी सुटता सुटेनात. खालून कुणीतरी फिदीफिदी हसले. अखेर फ्लेक्स खाली घसरला आणि तो घामाघूम होऊन तिच्यासमोर उभा राहिला.

“आता... संमती आहे?”

शेवटची पायरी चढून रुद्राणी म्हणाली,

“चूक तुझीच होती. लग्न तुझ्याशीच करणार.”