वरच्या मजल्याचा चहा

आमचं लग्न झालं. साधंच झालं, फोटोंत सगळ्यांचे डोळे उघडे आले आणि आई ठरल्यापेक्षा कमी रडली. आता हे विसरा. असं काही झालंच नाही असं धरून पुढे वाचा, कारण मधे एका ठिकाणी मला तुम्हाला काळजीत पाडायचं आहे आणि शेवट माहीत असलेली माणसं नीट काळजी करत नाहीत.

तर, तेव्हा मी आणि आई वरच्या मजल्यावर राहायचो आणि मी एका नाटक कंपनीसाठी वस्तू बनवायचे. मुकुट, तलवारी, मेलेली कोंबडी, जे लागेल ते. त्या वर्षीच्या नाटकात शेवटच्या प्रवेशात वेडा झालेला राजा आपलं सगळं जुनं दफ्तर प्रेक्षकांत उधळायचा. राजा मनापासून उधळायचा, प्रेक्षक मनापासून घरी न्यायचे. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला मला नव्याने जुने कागद करावे लागायचे.

रीत सोपी आहे. कागद चुरगळायचा, उलगडायचा, कडक कोऱ्या चहात भिजवायचा, वरून चिमूटभर चहाची भुकटी भुरभुरायची म्हणजे डाग पडतात. मग दोरीवर वाळवून इस्त्री फिरवायची आणि कडा मेणबत्तीवर जरा जरा जाळायच्या. दुपारचा कागद संध्याकाळपर्यंत तीनशे वर्षांचा होतो. यात ‘कोऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या खेपेला मी घरातला उरलेला चहा वापरला होता, दूध-साखरेसकट. रंग सुरेख आला. पाठोपाठ मुंग्या आल्या. राजाने दफ्तर उधळलं आणि पहिल्या रांगेतले समीक्षक खाजवत बाहेर गेले. परीक्षणात छापून आलं की नाटक अंगावर येतं.

आईला हा प्रकार पटत नव्हता. घरी आलेल्याला चहा विचारत नाहीस आणि कागदाला पातेलंभर पाजतेस, असं ती म्हणायची.

आमच्या खाली एक नवा भाडेकरू आला होता. आम्ही त्याला पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. रोज सकाळी खालून भुरके यायचे, आणि ते साधेसुधे नाहीत. पाण्याचा नळ उलटा चालवल्यासारखे. आईने त्याचं नाव भुरके ठेवलं आणि बिचाऱ्याला वळण लावायला कोणी नसावं म्हणून हळहळली.

एका दुपारी भुरके आमच्या दारात उभे राहिले.

पावसाची झड लागली होती. कागद वाळत नव्हते म्हणून मी घरभर दोऱ्या बांधल्या होत्या. तो उंच होता, वाकायला विसरला, आणि राजाचा एक ओला तहनामा त्याच्या कपाळाला चिकटला. तो तसाच बोलू लागला. तक्रार नाही, म्हणाला, विनंती आहे. तो चहाच्या कंपनीत टी टेस्टर होता. दिवसभर चहा चाखायचा, भुरका मारून तोंडभर फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. सकाळचे भुरके म्हणजे त्याचा रियाज. लवकरच त्याची मोठी परीक्षा होती, आणि दिवसभर वरून उकळत्या चहाचा वास येत असल्यामुळे त्याचं नाक...

नाकाचं काय झालं ते राहूनच गेलं. आलेला माणूस चहाशिवाय उभा आहे हे आईला सहन झालं नाही आणि तिने शेगडीवरच्या पातेल्यातला चहा कपात ओतून त्याच्या हातात दिला. मला दिसलं तोवर उशीर झाला होता. त्याने भुरका मारला. तोच भुरका, पण पहिल्यांदाच समोरून... डोळे मिटलेले, कपाळावर तह. मग त्याने थुंकायला जागा शोधली, आईकडे पाहिलं आणि गिळला.

“लोखंडी पातेलं,” तो हळूच म्हणाला. “सकाळपासून उकळतंय. आणि यात कोणी... ब्रश बुडवलाय का?”

“बुडवलाय,” मी म्हणाले. “धुतलेला होता.”

“नीट नव्हता धुतलेला.”

“मग रंग सांगा.”

त्याने आणखी एक घोट घेतला. कोणी सांगितलं नव्हतं घ्यायला.

“निळा.”

मुकुटातल्या नीलमण्यांचा होता. माझ्याबद्दल इतकं बारकाईने तोवर कोणीच काही बोललं नव्हतं.

त्यानंतर वास कमी झाला की नाही हे बघायला तो रोज संध्याकाळी वर येऊ लागला. वास कमी व्हायचा नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत यावं लागायचं. मी त्याला कागद चुरगळायला शिकवलं. तो इतक्या जपून चुरगळायचा की कागद आधीपेक्षा सरळ व्हायचा. पण वाळलेल्या कागदांचा वास घेऊन तो त्यांची वयं सांगायचा. हा अजून लहान आहे, दीडशेचा. हा म्हातारा, याला वरच्या दोरीवर चढवू नका. दोऱ्यांखालून जाताना आता तो बरोबर वाकायचा, आणि वाकला की आमचे चेहरे एका उंचीवर यायचे. मी दोऱ्या थोड्या खाली बांधायला लागले.

“आणि मी?” एकदा मी विचारलं. “माझं वय सांगा की वासावरून.”

तो वाकला. माझ्या केसांजवळ येऊन थांबला... थांबलाच.

“सांगितलं असतं,” तो म्हणाला, “पण तुमच्या आई ऐकतायत.”

“मी ऐकत नाहीये,” आई आतून म्हणाली.

त्या परीक्षेबद्दल मला हळूहळू कळत गेलं. पास झाला तर तो मुख्य टेस्टर होणार होता. इतकी वर्षं चाखायचा तो आणि अहवालावर सही दुसऱ्याची व्हायची. आपल्या जिभेवर कधीतरी आपली सही असावी, एवढंच त्याला हवं होतं. ही जागा मात्र इथे नव्हती. ती डोंगरात होती, चहाच्या मळ्यांत. आधी रेल्वे, मग बस, मग जीप, आणि मग जीपवाल्याची मर्जी.

इथे काळजी करा.

मी पातेलं, शेगडी आणि भुकटीचा डबा उचलून नाट्यगृहाच्या गच्चीवर न्यायचं ठरवलं. निघताना आईने विचारलं की हे कशासाठी.

“त्यांना पास व्हायचंय,” मी म्हणाले.

“आणि तुला?”

मी जिना उतरू लागले. पातेलं जड होतं.

पावसाने उघडीप दिली होती, पण गच्चीवर वारा होता. कागद वाळायचे आणि राजाचं राज्य शेजारच्या गल्लीत उडत जायचं. घरी आले की आमच्या खोल्यांना कसलाच वास नसायचा. दोऱ्या रिकाम्या. असं काही दिवस चाललं आणि मग तो वर आला. वाकायचं काही कारण नव्हतं, तरी वाकूनच आत आला.

“वास बंद झाला.”

“तुम्हालाच त्रास होत होता ना?”

“होत होता.” त्याने रिकामी दोरी उगाच ताणून पाहिली. “आता जास्त होतोय.”

“परीक्षेपर्यंत सोसा.”

“आणि परीक्षेनंतर?”

“परीक्षेनंतर तुम्ही इथे नसालच की.”

हे मी हसत म्हणायचं ठरवलं होतं. त्याने मान हलवली आणि खाली गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भुरके आले नाहीत. आई म्हणाली, बरं झालं, सुटली सवय, आणि दिवसभर खाली कान लावून बसली.

परीक्षेच्या दिवशी मी जिन्यात बसले होते. वाट बघत नव्हते. जिन्यात उजेड चांगला येतो. तो आला, माझ्या खालच्या पायरीवर बसला, आणि पाऊस थांबेपर्यंत बुटाची नाडी सोडून परत बांधत राहिला. मग सांगितलं. समोर पाच जणांचं परीक्षा मंडळ. एकेक कप पुढे सरकवायचे, भुरका मारायचा आणि चहा कोणत्या मळ्यातला ते सांगायचं. सगळे बरोबर गेले. शेवटच्या कपाचं पाणी कुणीतरी जास्त उकळलं होतं. त्याने चाखला आणि...

“मी म्हणालो, वरच्या मजल्यावरचा.”

“काय?”

“ते म्हणाले, मळा विचारलाय, मजला नाही. मी म्हणालो, हो, पण हा वरच्या मजल्यावरचाच आहे. त्यांनी चवींची अधिकृत यादी काढली. माती, धूर, लाकूड, ओलं गवत, सगळं आहे तिच्यात. म्हणाले, यातलं एक निवडा. मी चाळली. नव्हतं त्यात.”

“मग निवडायचं ना काहीतरी. धूर म्हणायचं.”

“धूर नव्हता.”

“नापास?”

“नापास.”

मी दुःखी चेहरा करायला घेतला. चेहऱ्याने ऐकलं नाही. त्याला वाईट वाटतंय का, हे मी तरीही विचारलं, कारण ते मला खरंच हवं होतं... म्हणजे त्याचं पास होणं. आणि दुसरंही हवं होतं. वाईट वाटतंय, म्हणाला. खूप वाटतंय. मग त्याने पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“उद्यापासून उकळायला लाग,” तो म्हणाला. “मला तुझ्याशिवाय काही चाखता येत नाही.”

इतके दिवस तुम्ही-तुम्ही चाललं होतं. हा ‘तुझ्या’ कुठून आला ते त्यालाही कळलं नाही. दाराआडून आई म्हणाली की ती ऐकत नाहीये, पण चहा ठेवतेय, आणि तो प्यायचा चहा आहे.

पुढचं तुम्हाला माहीत नाही असं आपलं ठरलं आहे.

ती इमारत नंतर पाडली. राजाचं नाटकही बंद झालं. आता आम्ही राहतो त्या घराच्या वर फक्त पाण्याची टाकी आहे. त्याच्या वर आता कोणी राहत नाही, मीही नाही. तो अजून मुख्य झालेला नाही. कधी सुटीच्या दिवशी मी लोखंडी पातेल्यात चहा उकळते, आठवणीने त्यात न धुतलेला ब्रश बुडवते. तो भुरका मारतो, डोळे मिटतो, बराच वेळ तोंडात घोळवतो.

“जवळ आलंय,” म्हणतो. “पण वरून येत नाही.”

सबब, माननीय परीक्षा मंडळास विनंती करण्यात येते की चवींच्या अधिकृत यादीत, धूर व ओलं गवत यांच्या दरम्यान, ‘वरचा मजला’ ही चव समाविष्ट करण्यात यावी आणि ती मागील तारखेपासून लागू करावी. सदर चवीचा नमुना आता कुठेही उपलब्ध नसल्याने सोबत जोडलेला नाही.