चौघांचं चीज

"किती जणांसाठी, मादाम?"

पहिल्याच दिवशी चीजवाल्या गास्पारनं विचारलं आणि माझी जीभ घसरली. इथे फ्रान्समध्ये, दिजों शहरातल्या चीजच्या दुकानांत हा प्रश्न रोजचाच. किती जण, कधी खाणार... मग त्या बेतानं तो चकती अंगठ्यानं हलकेच दाबून, नेमकी पिकलेली निवडतो. पण त्याचे ते डोळे! 'एकटीसाठी' म्हणायची लाजच वाटली. म्हटलं, "चौघांसाठी... मी, नवरा, सासूसासरे—"

नवरा! कुठून सुचला देव जाणे.

तेव्हापासून आठ महिने, दर शनिवारी चौघांचं चीज घरी येतंय आणि मी एकटी खातेय. माझा फ्रीज उघडला की शेजारीण खिडकी लावून घेते. वर तो मेला विचारणार, "साहेबांना आवडलं का?" आणि नजर मात्र चीज गुंडाळायच्या कागदावर.

आज दुकानात शिरले तर कळलं, सोमवारी तो चाललाय. ज्युराच्या डोंगरात, मामाच्या गायी सांभाळायला, कायमचा. रांगेत उभं राहवेना. पिशवी या हातातून त्या हातात... आज बोलले नाही तर संपलंच.

"बोला मादाम. चौघांसाठीच ना?"

"नाही. नवरा नाहीये."

"गावाला गेलेत?"

"नाहीच आहे मुळी! कधीच नव्हता. सासूसासरेही नाहीत. मी... मी खोटं बोलले."

त्याच्या हातातली सुरी तशीच राहिली. मागून म्हाताऱ्या मादाम पेरोन खेकसल्या, "अगं, मग थांबलीस कशाला? पुढचंही सांगून टाक. आम्हाला घरी जाऊन स्वयंपाक करायचाय!"

"तू जाऊ नयेस असं वाटतं मला," मी म्हटलं. 'तू' कधी तोंडातून निघालं, कळलंच नाही.

गास्पार कानापर्यंत लाल झाला. "मग एवढं चीज... खाल्लं कोणी?"

"मीच!"

अख्खी रांग हसली. तो नाही हसला. काउंटरवर वाकून हळूच म्हणाला, "आठ महिने मी त्या माणसावर जळत होतो. दुकानातला सगळ्यात चांगला तुकडा द्यायचो आणि मनात म्हणायचो, याचं पोट बिघडू दे."

"माझं बिघडलं ना!"

आता मात्र तो हसला... मग सुरी खाली ठेवली. "जावं तर लागेलच. मामा थकलाय गं. पण गाडीनं दीडच तास... येशील?"

"येईन. दर शनिवारी येईन."

"आणि उद्या? मी येऊ जेवायला? काय आणू?"

"काहीही आण," मी डोळे पुसत म्हटलं. "फक्त चीज नको."